माहेर : जिल्हा धुळे

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत कुठे निंबाच्या फांदीला झोका बांधलेला दिसला, की मला हटकून एक प्रकरण आठवतं. खून नाही, दरोडा नाही. गुन्हा म्हणावा तर कायद्याच्या पुस्तकात बसतो, नाही म्हणावं तर कुणाचं काही गेलेलं नाही. पण त्या दिवसांत मी जेवढा धास्तावलो होतो, तेवढा मोठमोठ्या तपासांतही कधी धास्तावलो नव्हतो. नावं सगळी बदलली आहेत. त्यातली काही माणसं अजून त्याच बोळातून ये-जा करतात, त्यांना उगाच त्रास नको.

ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. मी जळगाव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. मारामाऱ्या, सायकलचोऱ्या, मिरवणुकांचे बंदोबस्त ही कामं सगळ्यांना माहीत असतात. एक काम मात्र कुणाला ठाऊक नसतं, ते म्हणजे परकीय नागरिकांवर लक्ष ठेवणं. परकीय म्हटलं की लोकांना गोरा साहेब आठवतो. आमच्या हद्दीत परकीय म्हणजे बहुतेक करून आमच्याच गावच्या सुना. फाळणीत अर्धं घर तिकडे गेलं, अर्धं इथे राहिलं, पण नात्यात सोयरीक करायची सवय काही गेली नाही. मामाची मुलगी कराचीत, आतेचा मुलगा जळगावात. लग्न लागायचं, मुलगी इथे नांदायला यायची, आणि पासपोर्टवर मात्र पाकिस्तान. नागरिकत्व मिळायला वर्षानुवर्षं लागायची. तोवर दरसाल व्हिसाची मुदतवाढ, त्यासाठी आमचा अहवाल, आणि अहवालासाठी हवालदाराची अधूनमधून घरी चक्कर. बाई नोंदवलेल्या पत्त्यावर राहते ना, एवढं बघायचं. शहराबाहेर जायचं तर आधी परवानगी. साधा नियम. साधे नियमच माणसाला जास्त छळतात, असं माझं मत आहे.

एका दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने तोंडावर रुमाल धरला असावा.

"इन्स्पेक्टर साहेब आहेत का? मी एक जबाबदार नागरिक बोलतोय. टेलर मास्तरच्या घरातली ती पाकिस्तानी बाई पळून गेली. एक अनोळखी माणूस आला होता. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. बाई लेकराला घेऊन त्याच्या मागे निघून गेली. हातात बोचकं होतं. मागच्या दोरीवर लेकराची दुपटी वाळत असायची, तीसुद्धा कालपासून दिसत नाहीत. बघा बुवा, उद्या आमच्यावर यायला नको."

फोन ठेवला गेला. माझ्या नोकरीत निनावी फोन पुष्कळ आले. त्यावरून एक शिकलो. असा माणूस आपलं नाव लपवतो, पण तो कुठे उभा राहून बघत होता ते त्याला लपवता येत नाही. मास्तरची खोली मी पाहिली होती. मागच्या अंगणातली दोरी फक्त वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसते, आणि वरच्या मजल्यावर घरमालक नाना राहतात. म्हणजे फोन नानांचा. ते कळलं तरी फोनमधली गोष्ट खोटी ठरत नव्हती.

बाईचं नाव शमीम म्हणू. वय पंचविशीच्या आत, कडेवर अंगावर पिणारी मुलगी. नवरा शिवणकाम करायचा, गाव त्याला मास्तर म्हणायचं. शाळेचे गणवेश शिवून जेमतेम भागवणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. मुदतवाढीचा त्यांचा अर्ज त्याच आठवड्यात माझ्याकडे अहवालासाठी आला होता.

मी हवालदाराला पिटाळलं. तासाभरात तो परत आला, मास्तरला सोबत घेऊनच. खोलीला कुलूप होतं, मास्तर दुकानात मशीनवर सापडला.

"बायको कुठे आहे?" मी विचारलं.

"खालाकडे साहेब. इथंच, गावातच."

खालाकडे माणूस पाठवला. ती म्हातारी म्हणाली, शमीम तर ईदनंतर आलीच नाही.

"मास्तर, आता खरं बोला."

"दवाखान्यात आहे साहेब. लेकराला ताप आहे."

"कुठल्या दवाखान्यात?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. पंख्याखाली बसून माणसाला असा घाम फुटतो तेव्हा तो एक तर गुन्हेगार असतो, नाही तर अतिशय साधा असतो. दोघांचा घाम सारखाच दिसतो, हीच आमच्या धंद्यातली अडचण.

"धोतर-टोपीतला माणूस कोण आला होता?"

हे ऐकल्याबरोबर तो असा दचकला, की मला वाटलं, झालं, यात काहीतरी आहे. "कुणीच नाही साहेब. कुणी माणूस नाही आला. अल्लाची शपथ घालू नका मला," एवढंच तो म्हणाला.

मी पंच घेऊन खोली उघडली. एक खाट, शिलाईचं जुनं यंत्र, भिंतीला टांगलेली लेकराची झोळी. कपडे बरेचसे जागेवर होते. पासपोर्ट आणि निवासाचा परवाना डब्यात नीट घडी करून ठेवलेला. पळून जाणारी बाई पासपोर्ट ठेवून जाईल? की तो ठेवून जाणंच शहाणपणाचं, असं तिला कुणी शिकवलं असेल? त्या वर्षांत सीमेवर जरा खुट्ट झालं, की आमच्याकडे फोन खणखणायचे आणि आमचं डोकंही त्याच दिशेने धावायचं. खाटेखाली गवतात आंबे पिकत घातले होते. गावठी, शेपूसारख्या वासाचे. खोलीभर घमघमाट होता. हवालदाराने पंचनाम्यात तेही लिहिलं, कारण दिसेल ते लिहायचं अशी माझी शिस्त होती. मला त्यातून काही उमगलं नाही.

संध्याकाळी एस.पी. ऑफिसातून विचारणा झाली. वर कुणी कळवलं ते मला माहीत नाही. बहुधा नानांनी तिकडेही फोन फिरवला असावा. साहेब सरळ बोलणारे होते.

"अहवाल परवा माझ्या टेबलावर पाहिजे. बाई पत्त्यावर असेल तर तसं लिहा. नसेल तर बेपत्ता लिहा. मधलं काही लिहू नका."

बेपत्ता या एका शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. मुदतवाढ नाकारली जाणार, आणि बाई सापडल्यावर तिला देश सोडायची नोटीस. मुलगी जळगावच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली, भारताची नागरिक, तिचा पासपोर्ट नाही. म्हणजे आई वाघा सीमेपलीकडे आणि अंगावरचं लेकरू अलीकडे. एक बाई असं जाताना मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिली होती. ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नव्हती. पण इच्छा अहवालात लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेलो. ते जुन्या सूतगिरणीतले निवृत्त कारकून. माणूस वाईट नव्हता. मला बघून आधी ते चाचरले, मग एकदम उसळले.

"हो, मीच केला फोन! काय करू? तुमचा हवालदार दर थोड्या दिवसांनी खाकी घालून माझ्या ओट्यावर उभा राहतो. अख्खा बोळ बघतो. माझ्या पोरीला पाहायला पाहुणे आले होते, त्याच दिवशी हा दारात. पाहुणे चहा न पिता उठले. नंतर निरोप आला, तुमच्या घरी पोलिसांचं येणं-जाणं आहे म्हणे. सांगा साहेब, मी त्यांना काय उत्तर देऊ?"

"मग मास्तरला खोली सोडायला सांगितलं असेल तुम्ही?"

"सांगितलं. आखाजीपर्यंत सोड म्हटलं. तो म्हणतो, दुसरी मिळत नाही. कशी मिळेल? बायको कुठली ते कळलं की लोक दार लावून घेतात. माझ्याआधी तीन घरं झालीत त्यांची."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "ती पोर चांगली आहे हो. माझ्या बायकोला गुडघ्यांचं दुखणं, तर नळाचं पाणी तीच भरून द्यायची. पण भीती वाटते."

तेव्हा मला त्या संसाराचा पेच नीट कळला. व्हिसा हवा तर पक्का पत्ता हवा. पत्ता हवा तर घरमालक हवा. आणि व्हिसा आहे म्हणूनच घरमालक मिळत नाही. आमचा हवालदार त्या बाईचा पत्ता तपासायला जायचा, आणि त्याच्या जाण्यानेच तो पत्ता डळमळायचा. नियम करणाऱ्याने यात वाईट काही योजलेलं नव्हतं. तरी व्हायचं ते होत होतं.

ठाण्यात येऊन मी मास्तरला पुन्हा समोर बसवलं. धाकदपटशा केला, टेबलावर हात आपटला, समजावलंही. तो फक्त म्हणायचा, "मला आत टाका साहेब. ती येईल. ती आपणहून येईल."

"कुठून येईल?"

"येईल साहेब," एवढंच. माझा पारा चढला. मनात म्हटलं, हा माणूस आपल्या बायकोला वाचवत नाहीये, दुसऱ्याच कुणाला तरी वाचवतोय. पण कुणाला?

जेवायला घरी गेलो तर दाराला कुलूप. माझीच किल्ली माझ्या खिशात, आणि तरी दोन क्षण मी दाराकडे बघत राहिलो. मंडळी पोरांना घेऊन माहेरी गेली होती. आखाजी दुसऱ्याच दिवशी होती ना! खानदेशात आखाजीला लेक माहेरी नाही असं होत नाही. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, सासूच्या नावाने मनसोक्त बोटं मोडायची, हे बायकांचे हक्काचे दिवस. चार दिवसांपूर्वी माझा मेव्हणा तिला न्यायला आला होता. धोतर, टोपी, खांद्यावर आंब्यांची पिशवी. रीतसर मला विचारलं, "दाजी, बहीण नेऊ ना?" मी हो म्हटलं, आंबे ठेवून घेतले, आणि तो तिला घेऊन गेला.

कुलपात किल्ली घातली आणि हात तिथेच थांबला. धोतर. टोपी. आंबे. बोचकं आणि लेकरू घेऊन दिवसाढवळ्या निघालेली बाई. हा हेर नाही, गुंड नाही. हा तर मुराळी! सासरहून लेकीला आणायला आलेला माहेरचा माणूस. साऱ्या खानदेशात त्या आठवड्यात असे मुराळी एसटीतून फिरत होते, आणि मी मात्र एकाला देशद्रोही ठरवायला निघालो होतो. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. शमीमचं माहेर कराची. तिला मुराळी येणार कुठून?

न जेवताच परत फिरलो. मास्तर बाकावर तसाच बसला होता. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो आणि साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे मुराळी कोण आला होता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. मोठा माणूस असा हुंदके देऊन रडतो तेव्हा आजूबाजूचे टंकलेखन थांबवतात. ठाण्यात तसं झालं.

"साहब, उनको कुछ मत करना," तो म्हणाला. "उन्होंने कुछ नहीं किया. बोले, बेटी है, ले जाते."

मग सगळं बाहेर आलं. पलीकडच्या बोळात सुमन नावाची बाई राहायची, नवरा एसटीत कंडक्टर. नळावरची ओळख, मग दोघींची मैत्री झाली. सुमनचं माहेर धुळ्याच्या पुढे, सोनगीरच्या अंगाला एका खेड्यात. थंडीत शमीमला निरोप आला की कराचीत तिची आई वारली. जायचं तर परत यायचा व्हिसा मिळेलच याची खात्री नाही, म्हणून ती गेली नाही. तेव्हापासून पोर जेवेना, बोलेना. सुमनने आपल्या आईला हे सांगितलं. आईने निरोप धाडला की या आखाजीला दोन्ही लेकी आणा. आणि आपल्या मुलाला मुराळी म्हणून पाठवलं. सुमन लेकरांसह पुढे स्टँडवर जागा धरायला गेली, भाऊ शमीमला घ्यायला खोलीवर आला. त्याने रीतसर मास्तरला विचारलं, "दाजी, बहीण नेऊ ना?" मास्तर हो म्हणाला.

"आणि आम्हाला कोण विचारणार?" मी म्हटलं.

"साहेब, माहेरी जायला पोलिसांना विचारायचं असतं हे सुचलंच नाही. सुमनताई म्हणाल्या, आखाजीला लेक माहेरी जाते, त्याला शहर सोडणं म्हणत नाहीत. नंतर तुमचा माणूस आला तेव्हा ध्यानात आलं. परक्या देशाच्या बाईला घरात ठेवलं आणि कळवलं नाही, तर ठेवणाऱ्यालाही धरतात म्हणे. त्यांचं नाव कसं सांगू?"

सासरची परवानगी झाली होती, फक्त सरकारची राहिली होती. आणि नुसतं शहर नाही, बाईने जिल्हा ओलांडला होता.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, आम्ही पहाटे जीप काढली. मी, एक महिला पोलीस, हवालदार आणि मास्तर. पारोळा मागे पडेपर्यंतच झळा लागायला लागल्या. मास्तर पुढे वाकून रस्ता बघत होता. माझ्याही मनात सारखं येत होतं, ती तिथे नसली तर? याने पुन्हा खोटं सांगितलं असलं तर? संध्याकाळी मला बेपत्ता लिहावं लागलं असतं, आणि हा शब्द एकदा वर गेला की खाली येत नाही.

धुळे ओलांडून गावात पोचलो तेव्हा निंबाखाली बायकांचा मेळा भरला होता. मोठा दोर टांगलेला, दोघी दोघी उभ्याने झोका घेत होत्या, बाकीच्या गात होत्या. जीप बघितली आणि गाणं तुटलं. सगळ्यांच्या अंगावर लुगडी नाही तर गोल साड्या, हातभर हिरव्या बांगड्या, डोईवर पदर. मास्तर मागे जीपमध्येच होता. त्यातली कराचीची कोण, मला ओळखता येईना. मी तिला याआधी फक्त बुरख्यात पाहिली होती.

एक म्हातारी पुढे आली. वाळलेली, पण ताठ. तिला सगळे अक्का म्हणत होते. हीच सुमनची आई.

"पहिले पानी पी भाऊ, मंग बोल," ती अहिराणीत म्हणाली.

"अक्का, जळगावहून आलोय. शमीम नावाची बाई इथे आहे. तिला पुढे पाठवा."

अक्काने मागे वळून सगळ्या बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या बठ्ठ्या मन्ह्याच पोरी शेतस. तुले कोनती जोयजे?"

या सगळ्या तिच्याच पोरी, त्यातली कोणती पाहिजे, असं ती मलाच विचारत होती. कुणी हललं नाही. महिला पोलीस माझ्याकडे बघायला लागली. आता एकेकीला विचारायचं म्हणजे आखाजीच्या दिवशी गावाशी भांडण. एवढ्यात झोक्यावरून एक पोर उतरली. हात मेंदीने रंगलेले होते. ती सरळ येऊन अक्काच्या पुढे उभी राहिली.

"साहब, मैं हूँ. अम्मा का कोई कसूर नहीं. जो लिखना है, मेरे नाम पर लिखिए."

मास्तर जीपमधून उतरून तिथेच मातीत बसला. अक्काला मात्र राग आला होता, आणि तो माझ्यावर होता.

"ती काय चोरी करीसन उनी का? आखाजीले पोर माहेरले नई ई तं कोठे जाई?"

जबाब घ्यायला आम्ही अक्काच्या घरात गेलो. भिंतीच्या कडेला आखाजीच्या घागरी भरून ठेवल्या होत्या. खानदेशात या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज, आंबा ठेवतात, नैवेद्य दाखवतात. अक्काच्या नवऱ्याची घागर होती, सासूची होती. त्यांच्या शेजारी नवं, लहान, लाल मडकं.

"हे कुणाचं?" मी सहज विचारलं.

"हाई तिन्ही मायनं," अक्का शमीमकडे बोट दाखवून म्हणाली. "पोर जाई शकनी नई. मंग पानी कोन दी?"

आपल्या आईच्या नावाच्या त्या मडक्यापाशी बसून शमीमने आपल्या पद्धतीने दुआ मागितली होती. मी तिथे कागद मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पुढचा प्रश्न काही सुचत नव्हता. डोळे भरून आले, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. त्या दिवशी मात्र मी हवालदाराला उगाच ओरडलो, की शाई नीट भरून आणत जा म्हणून.

जबाब झाले. शमीम, सुमन, तिचा भाऊ, अक्का, सगळ्यांचे. धुळ्याच्या नियंत्रण कक्षाला बिनतारी संदेश दिला. शमीम आणि लेकराला जीपमध्ये घेतलं. अक्का म्हणाली, "पोर माहेरनी रिकाम्या हाते जाई का?" आणि सांजोऱ्यांची टोपली घेऊन स्वतःच जीपमध्ये चढली. तिला उतरवायची कुणाची छाती झाली नाही.

जळगावात पोचल्यावर मी सरळ एस.पी. साहेबांकडे गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी जबाब चाळले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"बाई मिळाली, हेतू स्वच्छ आहे. लेखी ताकीद द्या. ताकीद देऊन मुदतवाढीची शिफारस मी करू शकतो. पण अहवालात पत्ता लागेल. घरमालक ठेवायला तयार आहे का?"

"नाही साहेब. त्याने आजपर्यंतची मुदत दिली होती."

"मग मी तरी काय करू? बिनपत्त्याच्या बाईची शिफारस कशी करू?"

म्हणजे ती सापडूनही जाणारच होती. एका खोलीवाचून. त्या सगळ्यांना घेऊन मी बोळाकडे निघालो. नानांना मी हुकूम देऊ शकत नव्हतो. घर त्यांचं, पोर त्यांची, भीतीही खरी. शमीम लेकराला छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी ते आताच ओढून नेणार आहे, अशा भीतीने.

नाना ओट्यावर आले. आम्हाला बघून त्यांनी मान फिरवली. मी काही बोलणार तेवढ्यात अक्का पुढे झाली. टोपली ओट्यावर ठेवली, पदर सावरला.

"नाना, मी भांडाले नई उनू. मन्ही पोर तुम्हना घरमा ऱ्हास. आखाजी करीसन तिले सासरले सोडाले उनू."

भांडायला नाही, लेकीला सासरी सोडायला आलेय म्हटल्यावर नाना गडबडले. दारात आलेल्या लेकीच्या आईला बसा म्हणायचं असतं, ते त्यांच्या अंगवळणीच होतं. "बसा अक्का," त्यांच्या तोंडून निघून गेलं. आतून त्यांची बायको गुडघे धरत पाणी घेऊन आली. मागे त्यांची मुलगी उभी होती. अक्काने तिच्याकडे पाहिलं.

"लगीननी शे का?"

"हो. बघतोय," नाना म्हणाले.

"जाई ना ती बी दुसराना घर. परकं गाव, परकी माणसं. तठे तिले बी कोनी तरी घर देईच ना, नाना?"

नानांनी बायकोकडे पाहिलं. ती ओट्यावरून खाली उतरली. शमीमच्या कडेवरचं लेकरू तिने हात पुढे करून घेतलं आणि म्हणाली, "चल गं आत. पोर उन्हानं कोमेजली. खोली उघड, झाडून घे."

नाना माझ्याकडे वळले. आवाज चिडकाच होता. "कुठं सही करायची ती सांगा. पण तुमचा तो हवालदार..."

"साध्या कपड्यात येईल," मी म्हटलं. "आणि तुमच्या ओट्यावर नाही, मास्तरच्या दुकानात जाईल."

तो शिरस्ता मी बदली होईपर्यंत पाळला, आणि माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यालाही सांगून गेलो. नानांच्या मुलीचं पुढच्या वर्षी लग्न झालं. रुखवताच्या चादरींना मास्तरने झालर लावून दिली, असं कानावर आलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, खोटं बोलणाऱ्या माणसाला तू का खोटं बोलतोस असं विचारू नका. तो कुणासाठी खोटं बोलतोय ते शोधा. आणि तपासाला निघताना आपलं घर, आपल्या रीती खुंटीला टांगून जाऊ नका. कधी कधी उत्तर आपल्याच दाराच्या कुलपात अडकलेलं असतं.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी शमीम नवऱ्यासोबत ठाण्यात आली. धुळे जिल्ह्यात जाण्याची परवानगी हवी होती. कारण काय लिहायचं, मास्तरने विचारलं. मी म्हटलं, जे खरं ते लिहा. त्याने लिहिलं, माहेरी जाणे. अर्ज वर गेला आणि शेरा मारून परत आला. अर्जदार महिला कराचीची असताना तिचं माहेर धुळे जिल्ह्यात कसं, याचा खुलासा करावा.

मी खुलासा केला. नोकरीत हजारो वाक्यं लिहिली, त्यातलं एवढंच मला तोंडपाठ आहे. "समक्ष जाऊन चौकशी केली. सदर महिलेचे माहेर धुळे जिल्ह्यातच असल्याची खात्री झाली आहे."

परवानगी मिळाली.